कुरडईची सहल

"आभाळ निवळलंय. चला, निघोजची कुंडं बघून येऊ!" हौशीरामनं अंगणातूनच आवाज दिला. जुनी जीप नुकतीच दारात आली होती आणि त्याला घरात चैन पडत नव्हतं.

"आन् ह्या कुरडया कोण राखणार?" शेवंताबाईनं विचारलं. लेकीचं, प्रतिभाचं, लग्न आठवड्यावर आलेलं. रुखवतातली कुरडई अजून ओलीच, आणि होणारी विहीण ताईबाई नावं ठेवण्यात पंचक्रोशीत पहिली.

"संगं घेऊ की! टपावर बाज बांधतो. ऊन काय भांडगावातच पडतंय व्हय?"

बाज चढली, वर जुनं पातळ बांधलं, वरात निघाली. न्हावऱ्यात टपोरे थेंब आले. हौशीराम प्लास्टिकचा कागद घेऊन टपावर. शिरूरला लख्ख ऊन. पुन्हा टपावर. टाकळी हाजीपर्यंत त्यानं स्टिअरिंगपेक्षा टपच जास्त सांभाळला.

कुकडीच्या पात्रात लाव्हाचा काळा कातळ तव्यासारखा तापला होता. पाण्यानं कोरलेले रांजणाएवढे खळगे बघायचे सोडून शेवंताबाईनं काठावरच्या देवीच्या देवळासमोर पातळ अंथरलं आणि कुरडया मांडल्या. तेवढ्यात वावटळ आली, कुरडयांवर वाळू पेरून गेली. मागोमाग ढग. शेवंताबाईनं देवळाकडे हात जोडले, "आई, एवढा पाऊस आवर गं!"

दर्शनाला आलेल्या बायांना वाटलं, नवस फेडतेय. एकीनं कुरडईवर हळद-कुंकू वाहिलं. मग रांगच लागली.

"आवं, थांबवा की त्यास्नी!" शेवंताबाई कुजबुजली.

"देवीचं कुंकू अडवू? तूच अडव."

तिलाही ते जमेना. घरी परतल्यावर शेजारची सोजरबाई म्हणाली, "कुठं गेलतात? हितं दिसभर कडक ऊन!" शेवंताबाई नवऱ्याशी दोन दिवस बोलली नाही.

नवी कुरडई करायला वेळ नव्हता. लग्नात रुखवतापाशी ताईबाई वाकली तेव्हा हौशीरामचा जीव टांगणीला लागला. तळली की वाळूची कचकच, आणि जन्मभराचा टोमणा.

"ह्ये कुंकू कशाचं, विहीणबाई?"

"द-देवीच्या दारात वाळवलीय."

ताईबाईनं कुरडई कपाळाला लावली. "आगं बया! ही तळायची न्हाई. देव्हाऱ्यात ठेवायची!"

हौशीरामनं सुटकेचा निःश्वास टाकला. तोवर ताईबाई त्याच्याकडे वळली.

"दादा, माझ्या धाकट्या लेकीचं लग्न दिवाळीनंतर हाय. तवा आमच्या बी कुरडया देवीच्या दारात घेऊन जाल न्हवं?"

शेवंताबाई त्या सहलीनंतर पहिल्यांदाच नवऱ्याकडे बघून हसली. "जातील की. बाज टपावरच हाय अजून."