चुन्याची रेघ

शिंपीकाकांच्या खिडकीसमोरच्या मोकळ्या मैदानात सकाळी दोन माणसं आली, चौकोनात खुंट्या ठोकल्या, चुन्याची रेघ मारली आणि निघून गेली. रेघ थेट खिडकीखालून गेली होती. काकांच्या हातातलं काज अर्धवटच राहिलं.

"बघितलंस? विकलं मैदान!" ते बायकोला म्हणाले.

"अहो, काल नगरपालिकेची सभा झाली म्हणे. काय ठरलं ते विचारून या ना."

"कुणाला विचारू? चोरालाच?"

चोर म्हणजे शेजारचे दातांचे डॉक्टर. हल्ली ते नगरपालिकेत फार खेटे घालत होते. परवा तर तिथल्या इंजिनिअरला घरी बोलावून चहा पाजला होता. दातांच्या डॉक्टरनं दुसऱ्याला साखरेचा चहा पाजावा, यातच सगळं आलं! खुंट्यांच्या आत इमारत उठणार, हे काकांनी ताडलं. इमारत उठली की उजेड गेला, आणि उजेड गेला की धंदा बसला. काळ्या कापडावरचा काळा दोरा त्यांना आताशा दिव्याखाली दिसत नसे.

दुपारी गल्ली जेवून आडवी झाली, तेव्हा काका टेप गळ्यात अडकवून बाहेर पडले. खिडकीकडच्या खुंट्या उपटून त्यांनी पार मैदानाच्या मध्यावर नेऊन ठोकल्या. जुनी रेघ पायानं पुसली. नवीसाठी चुना नव्हता, म्हणून दुकानातले खुणेचे सगळे खडू कुटले. सवयीनं शिवणीसाठी दोन बोटं जास्तही सोडली.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आला, बरोबर डॉक्टर. काका खिडकीतून कान देऊन ऐकत होते.

"रेघ काय सुरेख आहे! आमच्या माणसांची वाटत नाही," इंजिनिअर म्हणाला. "पण बाग एवढीशी कशी?"

"बाग?" काका खिडकीतूनच ओरडले.

"खुंट्यांच्या आत बाग, बाहेर इमारती. सभेत तसंच ठरलंय. डॉक्टरांनी भांडून तुमच्या खिडकीपर्यंतची जागा बागेला सोडवली होती. आता या रेघेप्रमाणे इमारत तुमच्या भिंतीला खेटून येणार."

काका धावत बाहेर आले. "साहेब, खुंट्या मीच हलवल्या!"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "बिल्डरला जागा मिळावी म्हणून?"

"छे हो! उजेडासाठी!"

"उजेडासाठी खिडकीपुढे इमारत?"

खुंट्या पुन्हा जागेवर गेल्या, उजेडही राहिला. पण संध्याकाळपर्यंत गल्लीत कुणी त्यांच्याशी धड बोलेना.

काका मान खाली घालून काज करत बसले होते. बायको दार लावून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मी कुणाला सांगायची नाही. पण खरं सांगा, आपला फ्लॅट कितव्या मजल्यावर ठरला होता?"