अकराव्या दिवसाचा ताप

निरीक्षकांनी सलग तिसऱ्या दिवशी मोजपट्टी लावली आणि तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं. बेचाळीस मिलिमीटर. प्लायवूडच्या तुकड्यावर सरळ चाललेली रेघ मध्येच थांबली होती आणि बेचाळीस मिलिमीटर वर जाऊन, जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढे निघाली होती.

निरीक्षकांना वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी त्यांना समोरून येताना पाहिलं की चौकातला वाणी आपला तराजू पुसायला घेई. अशा माणसाच्या घरात बेचाळीस मिलिमीटरची चूक म्हणजे हवालदाराच्या घरात चोरी.

चूक यंत्राची नव्हती. कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कोरणारं ते छोटं सीएनसी यंत्र मागच्या खोलीत सहा वर्षं इमानाने राबत होतं. बदललं होतं ते सॉफ्टवेअर. जुना कॉम्प्युटर वारला तसा लेकीने नवा आणून दिला, त्यात नवं सॉफ्टवेअर घातलं, "सगळं सोपं आहे बाबा," असं म्हणाली आणि आपल्या घरी गेली. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नऊ बटणं होती. त्यांतली तीन निरीक्षकांना कळत होती आणि संसार सुखाचा चालला होता. नव्यात किती बटणं आहेत हे मोजायलाही एक बटण होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, शून्य कुठे धरलंय तुम्ही?"

"शून्य जिथे असतं तिथेच."

"तसं नाही हो. नव्यात दोन शून्यं असतात. एक यंत्राचं, एक लाकडाचं."

"दोन शून्यं? आमच्या खात्यात असं कोणी म्हणालं असतं तर त्याचं दुकान बंद केलं असतं मी."

"बरं, मध्ये थांबवता का कुठे?"

"चार वाजता थांबवतो. गोळ्या असतात. मग पडद्यावर येतं, मोटरी विश्रांती घेत आहेत म्हणून. सभ्य आहे हो तुझं सॉफ्टवेअर. जुनं थांबलं तरी गुरगुरत बसायचं."

"हां, ते वीज वाचवायला मोटरी सैल सोड..."

"ठेवतो. चार वाजले."

चार म्हणजे चार. त्यांच्या पत्नी चौतीस वर्षं हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर होत्या. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणे आणि नवराही सिस्टरच म्हणे. ऐकणारा दचकत असे, पण निरीक्षकांचा इलाज नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी ते टायफॉइडने त्यांच्या वॉर्डात दाखल झाले, चौदा दिवस त्यांनी याच नावाने हाक मारली, आणि पुढे लग्न झालं म्हणून काही माणसाची हाक बदलत नाही.

खरा घोर होता तो त्या चाळीस वर्षांचा. तीन दिवसांवर लग्नाचा चाळिसावा वाढदिवस. निरीक्षकांनी एक गुपित धरून ठेवलं होतं. हॉस्पिटलातून घरी जाताना त्यांनी आपला तापाचा तक्ता मागून घेतला होता. चौदा दिवसांचे चौदा ठिपके, सिस्टरांच्या हातचे, रेघेने जोडलेले. तोच तक्ता ते लाकडावर कोरून देणार होते. लाकूडही साधं नव्हतं. दोघांनी घेतलेल्या पहिल्यावहिल्या टेबलाची ती फळी होती. बाकीचं टेबल वाळवीने नेलं, एवढीच उरली. ती बिघडली तर दुसरी नव्हती.

चारच्या ठोक्याला दार वाजलंच.

"अहो, गोळ्या. आणि पाणी पूर्ण ग्लास."

"आलो. आत येऊ नका."

"मी कशाला येते? चौतीस वर्षं पडद्याबाहेरून विचारूनच आत गेलेय मी."

हे मात्र खरं होतं. तरीही निरीक्षक बाहेर जाताना यंत्रावर जुनी चादर टाकून जात.

रात्र जागून नव्हे, तर दुसऱ्या दिवशी भर दुपारी, चष्मा पुसून, त्यांनी माहितीपुस्तकाची साठ पानं वाचली. दोन्ही शून्यं मान्य केली. ती मनापासून नव्हे, पण लेकीचा मान म्हणून. मोजपट्टी बरोबर आहे का, हे दुसऱ्या मोजपट्टीने तपासलं. दुसरी तिसरीने तपासली. मग पुढच्या सकाळी प्लायवूडवर पूर्ण तक्ता एका दमात कोरून पाहिला तर तो तंतोतंत उतरला. निरीक्षकांचा ऊर भरून आला. जेवण झाल्यावर त्यांनी ती फळी यंत्रावर चढवली, देवाला नाही तरी दोन्ही शून्यांना मनात नमस्कार केला आणि बटण दाबलं.

आधी तक्त्याच्या चौकटी आल्या. सत्त्याण्णवपासून एकशे सहापर्यंत आडव्या रेघा, एका अंशाला सहा मिलिमीटर. मग ठिपके. पहिला दिवस, दुसरा, पाचव्याला ताप चढला, आठव्याला उतरू लागला. दहावा ठिपका पडला आणि घड्याळात चार वाजले. निरीक्षकांनी यंत्र थांबवलं. सुई वर उचलली गेली. मोटरी विश्रांतीला गेल्या. चादर टाकून निरीक्षक गोळ्यांना गेले, त्या घेतल्या, पाणी पूर्ण ग्लास प्यायले, जीभ दाखवली आणि परत आले. चादर काढली, बटण दाबलं.

अकरावा ठिपका तक्त्याच्या बाहेर पडला. सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर.

लाल बटण दाबलं तेव्हा खोलीत एकदम शांतता झाली. निरीक्षकांनी मोजपट्टी घेतली नाही. किती असणार हे त्यांना माहीत होतं. त्यांनी चादर ओढून फळी झाकली, मेलेल्या माणसाला झाकावं तशी, आणि स्टुलावर बसून राहिले.

यंत्राचा आवाज का थांबला म्हणून सिस्टर दाराशी आल्या. "येऊ का आत?"

"या. आता काय राहिलंय?"

सिस्टरांनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.  काय झालं ते विचारायच्या आतच त्यांची नजर चुरगळलेल्या चादरीवर गेली आणि हात आपोआप पुढे झाले. दोन्ही कोपरे धरले, खिडकीच्या बाजूला ताणले, टेबलाखाली खोचले, वरून तळवा फिरवला. वॉर्डातली खाट तयार व्हावी तशी चादर गुळगुळीत झाली. आणि तिच्याखाली, सैल सुटलेला यंत्राचा आडवा पूल सुईसकट हळूच खिडकीकडे सरकला.

"सिस्टर! हे तुम्ही रोज करता?"

"काय?"

"हे खोचणं!"

"तुम्ही पाणी पीत असता, खोली रिकामी; विचारायचं कोणाला? चुरगळलेली चादर बघून पुढे जाता येत नाही मला. खाली नाही हो बघितलं कधी. उचलून बघणं वेगळं, खोचणं वेगळं."

निरीक्षकांनी मोजलं. बेचाळीस मिलिमीटर. चार दिवस, चार वेळा, कमी नाही जास्त नाही. नोकरीत त्यांनी हजारो वजनं तपासली होती, पण इतका नेमका हात कोणाचा पाहिला नव्हता. रागवायला म्हणून उघडलेलं तोंड त्यांनी आदराने मिटलं.

"तुमच्यासाठी करत होतो," ते म्हणाले आणि चादर काढली. "उद्या द्यायचं होतं. बिघडलं."

सिस्टर वाकल्या. बराच वेळ त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिल्या. आपला हात त्यांनी लाकडातही ओळखला. अकराव्यापाशी बोट थांबलं.

"हा किती झाला?"

"असायला हवा होता एकशे एक. बेचाळीसला सहाने भागा. सात अंश चढला. एकशे आठ."

सिस्टर हसू लागल्या. इतक्या हसल्या की स्टूल त्यांना द्यावं लागलं.

"अहो, मग बिघडलं कुठे? एकशे आठच होता! त्या दिवशी थर्मामीटर काढला तर पारा टोकाला. ताप तर आदल्या रात्रीच गेलेला. कपाळ माझ्या तळव्यासारखं गार. आणि तुमच्या पांघरुणात चहाचा कप."

निरीक्षकांच्या कानांपर्यंत रक्त चढलं. वजनमापे खात्यातल्या माणसाने मापात केलेली ती आयुष्यातली एकमेव लबाडी. चाळीस वर्षं ती कोणाला माहीत नाही असं ते समजून होते.

"दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते मला," ते पुटपुटले. "पण मग तुम्ही एकशे एक का लिहिलंत?"

"एकशे आठ लिहिलं असतं तर डॉक्टर बर्फ घेऊन धावत आले असते. आणि खरं लिहिलं असतं तर..." सिस्टर चष्मा पुसू लागल्या. "तर तुम्ही गेला असता."

 मग निरीक्षकांनी यंत्र सुरू केलं, दोन्ही शून्यं नव्याने धरली आणि उरलेले तीन ठिपके जागच्या जागी उतरवले. रेघही जोडली. दहाव्या दिवसावरून थेट तक्त्याबाहेर, आणि तिथून खाली.

शेवटी फळी उलटी करून त्यांनी पाठीवर पेन्सिलीने, खात्यात लिहीत तशा अक्षरात लिहिलं : तपासले. बरोबर आहे.

सही करायला त्यांनी पेन्सिल सिस्टरांच्या हातात दिली.