सहा पावलांवरची कुजबूज

"वीस वर्षांत ह्यांच्याशी एक गोष्ट हळू बोलले असेन तर शपथ," उस्तादांची बायको सिस्टरच्या कानाशी पुटपुटली. "आमचं भांडण आजूबाजूची चार घरं ऐकतात. ऐकत नाहीत ते फक्त हे."

छावणीच्या इस्पितळातली कानाची खोली. मधोमध उस्ताद ताठ उभे होते. जवानांना तोफ डागायला शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. पलटणीत त्यांना बहिरं म्हणायची कुणाची छाती नव्हती. "उस्तादांचं जरा लक्ष नव्हतं," एवढंच म्हणायचे. आज पास झाले तर आणखी तीन वर्षं तोफेशेजारी, नापास झाले तर वर्गात खडू-फळा.

"खडूच बरा गं बाई," बायको म्हणाली. "जे काही थोडंसं ऐकू येतंय, ते माझ्यासाठी राहू दे."

"काळजी करू नका, काकू. कर्नलसाहेब फार बारकाईने तपासतात," सिस्टर म्हणाली, पण बघत होती खिडकीबाहेर.

कर्नलसाहेब आले. डॉक्टरकीची पहिली बारा वर्षं त्यांनीही तोफांच्या शेजारीच काढली होती.

"सहा पावलांवर, माझ्याकडे पाठ करून उभे राहा! मी कुजबुजेन तो आकडा म्हणायचा!" ही सूचना ऐकून बाहेर रुग्णवाहिकेचा ड्रायव्हरसुद्धा पाठमोरा झाला.

मग साहेब खरोखरच कुजबुजले, "सहा."

"चहा? घेईन की, साहेब. साखर कमी."

साहेबांनी कागदावर बरोबरची खूण केली. बायकोने सिस्टरकडे पाहिलं.

"साहेब... विचारात असतात कधीकधी," सिस्टर म्हणाली.

"ऐंशी."

"मावशी? बरी आहे. गुडघे तेवढे धरलेत."

"छान! बावन्न."

"बाबांना जाऊन दहा वर्षं झाली, साहेब."

"उत्तम!" साहेबांनी तिसरी खूण केली आणि शिक्का उचलला.

आता मात्र सिस्टरला राहवेना. "साहेब, आकडे चुकतायत!"

"आकडी? कुणाला आकडी आली?" साहेब गरजले. "स्ट्रेचर!"

दोन जवान धावत आले. हुकूम तो हुकूम. त्यांनी ताठ उभ्या उस्तादांना तसंच आडवं केलं, पट्टे आवळले आणि उचललं. उस्तादांचा चेहरा फुलला.

"पास झालो वाटतं!" ते बायकोला ओरडून म्हणाले. "बघ, कसे उचलून नेतायत!"

बायको स्ट्रेचरला आडवी झाली. उस्तादांच्या तोंडावर वाकून तिने वीस वर्षांचा आवाज एकदम लावला. "अहो, तुम्ही बहिरे आहात! आणि साहेबही!"

खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. अर्थात, सगळ्यांना नाही.

"काय म्हणाल्या?" साहेबांनी विचारलं. जवान छताकडे बघू लागले, सिस्टर खिडकीकडे.

उस्तादांनी मात्र बायकोचे ओठ बरोबर वाचले होते. त्यांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग पट्ट्यांतून एक हात सोडवून, पडल्यापडल्या, कडक सलाम ठोकला.

"साहेब!" ते परेडच्या आवाजात म्हणाले. "ती म्हणते, मला ऐकू येत नाही! खरं आहे!"

हे साहेबांना लख्ख ऐकू गेलं. त्यांनी तिन्ही खुणा खोडल्या आणि खाली लिहिलं, 'वर्गात नेमावे.'

"आणि साहेबांचं काय?" बायकोने डोळे वटारून विचारलं.

"हळू बोल गं," उस्ताद कुजबुजले. "त्यांचं जरा लक्ष नव्हतं."