एकवीस कामकाजी दिवसांचा मंत्र

सकाळचे ऊन त्या खोलीत एकदम येत नसे. आधी ते समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर थांबे, टाकीच्या कडेला धरलेल्या शेवाळावर काही काळ रेंगाळे, मग खालच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीतून गाळून घेतल्यासारखे फिकट होऊन खिडकीच्या गजांपाशी येई. गजांतून आत शिरताना त्याचे चार तुकडे होत. पहिला भिंतीवरच्या खिळ्यावर पडे, ज्यावर काहीच टांगलेले नव्हते. दुसरा पाण्याच्या बाटलीवर, तिसरा उशीच्या ज्या बाजूला कधी डोके नसे त्या बाजूवर, आणि चौथा, सगळ्यांत उशिरा आणि काहीशा अनिच्छेने, टेबलावर. टेबलावर आल्यावर मात्र तो बराच वेळ हलत नसे. धुळीचे कण त्यात वर जात, खाली येत, आणि कोणाच्याही आदेशाशिवाय नाहीसे होत. या उजेडाला कोणाची परवानगी लागत नव्हती, त्याची नोंद कोठेही होत नव्हती; आणि त्यामुळेच की काय, त्या खोलीत राहणाऱ्या तरुणाला तो पुरता आला आहे असे कधी वाटत नसे.

हा तरुण एका मोठ्या कार्यालयात आवक विभागाचा लिपिक होता. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारणे आणि नोंदवहीत त्याला क्रमांक देणे हे त्याचे काम. ज्या कागदावर शिक्का नाही तो कागद आलेला नाही, असा कार्यालयाचा नियम होता, आणि तरुणाचा त्यावर मनापासून विश्वास होता. सगळे त्याला ‘आवक’ म्हणत. शेजारच्या टेबलावरून कागद बाहेर पाठवणारा जाडजूड गृहस्थ होता, त्याला ‘जावक’ म्हणत. दोघांनाही स्वतःची नावे होती, पण ती पगारपत्रकाबाहेर वापरण्याचा प्रसंग आलेला नव्हता.

चौदा महिन्यांपूर्वी आवकने बदलीचा अर्ज केला होता. आठ तासांच्या अंतरावरच्या गावी त्याचे वडील एकटे राहत. ते घड्याळे दुरुस्त करीत, आणि आता त्यांना घड्याळे दिसेनाशी झाली होती. डोळ्यांचे ऑपरेशन ठरत होते. नंतर घरात कोणीतरी कायमचे हवे होते. ताई लग्न होऊन तिसऱ्याच गावी होती, तरी दर रविवारी फोन करून तीच चौकशी करी.

“अर्जाचं काय झालं रे?”

“वर गेलाय.”

“वर म्हणजे किती वर? चौदा महिन्यांत माणूस चालत गेला असता तरी पोचला असता.”

 आपण शक्य ते सारे करीत आहोत, हे आवकला सिद्ध करायचे होते, आणि शक्य ते सारे करून झाले असल्याने त्याने अशक्याकडे वळण्याचे ठरवले. पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याला नवशिक्यांसाठी मंत्रप्रयोग शिकवणारी एक बारीकशी पुस्तिका मिळाली. लेखिकेने ती फार मायेने लिहिली होती. ‘घाबरू नका,’ असे पहिल्याच पानावर होते. ‘एक मेणबत्ती, मूठभर मीठ आणि एक शुद्ध इच्छा, एवढे पुरे.’

पहिल्या दोन वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाल्या.

इच्छा एका वाक्यात स्वतःच्या शब्दांत लिहावी, असे पुस्तिकेत म्हटले होते. आवकने दोन सकाळी स्वतःचे शब्द शोधण्यात घालवल्या. ते न सापडल्याने त्याने ‘विषय : बदली मिळणेबाबत’ असे लिहून खाली रेघ मारली. मिठाचे वर्तुळ काढायचे होते. ते त्याने दोरी आणि पेन्सिल लावून, दोन फूट त्रिज्येचे, बिनचूक काढले. मन रिकामे करायचे होते. ते त्याने सात वाजून दहा मिनिटांनी रिकामे केले व तशी वेळ नोंदवून ठेवली. शेवटी विश्वातल्या शक्तींना हृदयापासून साद घालायची होती. तेव्हा त्याने डोळे मिटले, आणि त्याच्या तोंडून आपसूक शब्द आले, “उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की…”

घरमालकीण भाड्याची पावती द्यायला आली होती. ती दारातच थबकली.

“सांडलं म्हणावं तर गोल कसं सांडलं?” ती म्हणाली.

“एकवीस दिवस राहील, काकू. मग झाडून घेतो.”

“राहू दे बापडं. आधीचा भाडेकरू ड्रम वाजवायचा.”

नवव्या दिवशी आदेश आला.

तो नेहमीच्या टपालाच्या गठ्ठ्यातून, एका तपकिरी लिफाफ्यातून आला. आवकने तो कर्तव्य म्हणून उघडला. बदली मंजूर करण्यात येत होती. आवक-दिनांकापासून तीस दिवसांच्या आत संबंधिताने वडिलांच्या गावच्या कार्यालयात रुजू व्हावे, असे त्यात होते. त्याचा उजवा हात सवयीने शिक्क्याकडे गेला आणि वाटेतच थांबला. पुस्तिकेच्या चौदाव्या पानावर स्पष्ट लिहिलेले होते की, विधी पूर्ण होण्याआधी फळाला हात लावू नये. लावल्यास फळ उलटते. विधी एकवीस दिवसांचा होता. आज नववा होता. याचा अर्थ, आदेश मुदतीपूर्वी, म्हणजेच अनियमितपणे प्राप्त झाला होता.

जावकने मान लांब करून पाहिले. “अरे, ही तर तुझीच ऑर्डर.”

“अजून आलेली नाही.”

“हातात आहे की तुझ्या.”

“हातात आहे. आवक झालेली नाही.”

जावकने क्षणभर विचार केला. सव्वीस वर्षे नोकरी झालेला माणूस होता तो. त्याचे समाधान झाले. “मग बरोबर आहे,” तो म्हणाला.

आवकने लिफाफ्यावर ‘विधी प्रलंबित’ अशी चिठ्ठी लावून तो कप्प्यात ठेवला. खबरदारी म्हणून त्याने दुसऱ्या दिवसापासून टेबलाच्या त्या कप्प्याभोवतीही मीठ टाकायला सुरुवात केली, आणि तिथे तो पकडला गेला.

पकडणाऱ्या बाई मुख्य लिपिक होत्या. कार्यालयात कोणी हसले तरी त्या कारण विचारीत. त्यांनी बोट मिठावरून फिरवले, जिभेला लावले आणि विचारले, “हे काय?”

जावकने मित्राला वाचवण्यासाठी सगळे सांगून टाकले. बाई ऐकत राहिल्या. चौदा महिने अडलेला कागद नऊ दिवसांत, एवढेच त्यांनी त्यातून घेतले. मग खुर्ची ओढून त्या हळू आवाजात म्हणाल्या, “जाडं मीठ चालतं का रे?”

आठवडाभरात सोळा टेबलांभोवती मीठ पडले. सतराव्याची मागणी आली तेव्हा प्रकरण साहेबांकडे गेले, आणि साहेब रागावण्याऐवजी गंभीर झाले. एवढे काम कार्यालयात चालते आणि त्याचा नमुना ठरलेला नाही, ही गोष्ट त्यांना लागली. त्यांनी परिपत्रक काढले. कर्मचाऱ्यांनी मंत्रप्रयोग परस्पर करू नयेत, योग्य मार्गाने करावेत. विश्वशक्तीला उद्देशून लिहिलेली इच्छा तीन प्रतींत सादर करावी. महिन्याभरात उत्तर न आल्यास स्मरणपत्र पाठवावे. अग्निसुरक्षेच्या नियमांमुळे मेणबत्ती पेटवता येणार नाही. तिच्याऐवजी पेटलेल्या मेणबत्तीची साक्षांकित छायाप्रत जोडावी. सर्वांत महत्त्वाचे कलम सहावे होते. पूर्ण झालेली कोणतीही इच्छा आवक विभागात नोंदवून शिक्का घेतल्याशिवाय पूर्ण झाली असे समजण्यात येणार नाही.

अशा रीतीने, ज्याच्या हातून आजवर फक्त कागद येत होते, त्याच्या हातून आता लोकांची सुखे येऊ लागली. त्याने ती नीट गठ्ठे करून ठेवली. स्वतःचा विधी अपुरा असताना दुसऱ्याच्या फळावर शिक्का मारणे औचित्याला धरून होणार नाही, असे त्याला वाटले, आणि साहेबांनाही ते तत्त्व म्हणून पटले. शिपायाचा गुडघा त्याच सुमारास दुखायचा थांबला. नोंद झालेली नसल्यामुळे तो कार्यालयीन वेळेत लंगडत राहिला. साडेपाचनंतर जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या सोडत उतरताना मात्र त्याला अनेकांनी पाहिले. बाईंची मुलगी वर्षभराच्या अबोल्यानंतर आईशी बोलायला आली, तेव्हा बाईंनी तिला दारात उभे करून सांगितले, “जरा थांब बाळ, अजून तुझा क्रमांक पडायचाय.” मुलगी थोडा वेळ थांबली, मग निघून गेली. बाईंनी ते शांतपणे घेतले. कागद त्यांच्या बाजूने पूर्ण होते.

आवकच्या विधीचे एकवीस दिवस संपत आले, तेव्हा साहेबांचा खुलासा आला की, विधीच्या मुदतीत फक्त कामकाजाचे दिवस धरावेत. तीन रविवार आणि दोन सुट्ट्या गळाल्या. संपणारा विधी पुढच्या आठवड्यात गेला. हा खुलासा वाचताना आवकच्या छातीवरचे काहीतरी किंचित हलके झाले. त्याने ते वातावरणातल्या बदलावर ढकलले.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला.

“गुरुवारी बाबांचं ऑपरेशन. मी आठ दिवस येऊन राहते, पुढे तुझं बघ.”

“पुढच्या बुधवारी नाही का करता येणार? माझी एक प्रक्रिया मंगळवारी पूर्ण होतेय.”

“डोळ्यांचा डॉक्टर काय तुझ्या शिक्क्यासाठी तिष्ठत बसणार आहे?”

“ताई, माझ्या हातात असतं तर—”

“तुझ्या हातातच आहे,” ताई म्हणाली. “दुपारी तुझ्या ऑफिसात फोन केला होता. तू जेवायला गेला होतास. जावक म्हणून कोणी आहेत, त्यांनी सांगितलं. दोन आठवडे होत आले म्हणे. फार अभिमानाने सांगत होते तुझ्याबद्दल.”

आवकने नियम समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. ताईने तो पुरता ऐकून घेतला, आणि हेच जास्त वाईट होते. “बरं,” ती शेवटी म्हणाली. “बाबांना तू सांग. मला नाही जमणार.”

त्याने बाबांना सांगितले नाही. गुरुवार गेला. शनिवारी सकाळी अकरा वाजता कार्यालयातला फोन वाजला आणि पलीकडून वडिलांचा तुटक, काटकसरी आवाज आला.

“मी बोलतोय. कामात आहेस?”

“नाही, बाबा. कसं वाटतंय?”

“एका डोळ्याची पट्टी निघाली. दिसतंय. भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांत वेगवेगळ्या वेळा आहेत. सहा महिने तसंच चाललंय. कोणी बोललं नाही मला.”

“बाबा, माझ्या बदलीचं—”

“ताईनं सांगितलं.”  मग वडील म्हणाले, “यायचं नसेल तर तसं सांग रे. मी रागावणार नाही. वाट बघायचं थांबवेन, एवढंच. ते एक काम कमी होईल.”

जावक, बाई आणि टेबलापाशी लंगडत आलेला शिपाई, तिघेही आपापल्या कागदांकडे बघत होते. आवकला पुस्तिकेतली पहिली पायरी आठवली, स्वतःचे शब्द. त्याने घसा साफ केला.

“मंगळवारी विधी पूर्ण झाला, की लगेच बघतो, बाबा.”

“बरं,” वडील म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

मंगळवारी विधी पूर्ण झाला. मंगळवारीच वरिष्ठ कार्यालयाचे तपासणी पथक आले. आवक विभागात पूर्ण होऊनही न स्वीकारलेल्या चारशे बारा इच्छा पथकाला आढळल्या. पथकाने नापसंती नोंदवली नाही, उलट हा प्रश्न सार्वत्रिक असल्याचे मान्य केले, आणि नवा नमुना छापून सर्व नागरिकांकडे पाठवला. त्यात नाव, पत्ता, विधीचा प्रकार, मिठाचे वजन असे रकाने होते. रकाना सात असा होता : ‘आपण मागितलेली गोष्ट आधीच आपल्या हातात असल्यास, ती न घेण्याचे खरे कारण.’

नमुने हजारोंनी भरून परत आले. मिठाचे वजन लोकांनी ग्रॅममध्ये दिले होते. कित्येकांनी मेणबत्तीच्या छायाप्रती रंगीत जोडल्या होत्या. सातवा रकाना एकजात कोरा होता. वाचकहो, आपलाही अर्ज त्याच गठ्ठ्यात आहे, वरून तिसरा, अक्षर छान आहे. विभागाने आपल्याला स्मरणपत्र पाठवलेले नाही. कोरा रकाना चालतो, असे साहेबांनी तोंडी सांगितले आहे.

एकट्या आवकचाच अर्ज तेवढा राहिला होता. पावणेसहा वाजता, सगळे गेल्यावर, त्याने तो पुढे ओढला. सहाव्या रकान्यापर्यंत लेखणी सरळ गेली. सातव्यापाशी त्याने बदली, विधी, कामकाजाचे दिवस, परिपत्रक, कलम सहा, असे एकेक लिहून पाहिले आणि एकेक खोडले. पुरवणी जोडावी का, याचाही विचार केला. रकाना अर्ध्या इंचाचा होता. तो त्याला आयुष्यात पहिल्यांदा पुरेसा वाटला.

त्याने लिहिले : ‘अर्जदाराला जायचे नव्हते.’