एकशे बारा कार्डं

या, जरा पुढे सरकून बसा. मागच्यांना ऐकू येत नाही आणि माझाही आवाज आता बसायला आलाय. एका दमलेल्या माणसाची गोष्ट सांगतो. लांबवणार नाही.

शब्दकोशाच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ बसत. सगळे त्यांना कोशकाका म्हणत. त्यांच्या वाट्याला इंग्रजीतला एकच शब्द आला होता: 'रन'. आला तेव्हा वाटलं होतं, पंधरा दिवसांचं काम. पळणे लिहायचं आणि मोकळं व्हायचं. पण नदी वाहते तिथे हाच शब्द, नाक गळतं तिथे हाच, दुकान चालवतात, निवडणुकीला उभे राहतात, कपड्याचा रंग जातो, तिथेही हाच. काकांना सहा वर्षं लागली. अर्थ निघाले एकशे बारा. प्रत्येक अर्थाला एक कार्ड, आणि सगळी कार्डं बुटांच्या एका जुन्या खोक्यात.

मग काकांच्या नोकरीचा शेवटचा दिवस आला. पाच वाजता छापखान्याचा माणूस खोकं न्यायला येणार होता. तोवर कार्डं तयार नसली तर जुन्या कोशातल्या सहा ओळीच पुन्हा छापायच्या, असं संपादकसाहेबांनी बजावलं होतं. म्हणजे वर्षाला एक ओळ, असा हिशेब काकांच्या मनात येऊन गेला.

छापखान्याचा नियम असा, की कार्डावर पेन्सिलची एकही खूण नको. ज्या क्रमाने कार्डं येतील त्याच क्रमाने जुळणी होईल. काका नियमाचे पक्के. क्रमांक त्यांनी पेन्सिलनेच घातले होते. सकाळपासून बसून त्यांनी ते एकेक करून खोडले, रबराचा चुरा फुंकला, खोकं उचललं आणि साहेबांना दाखवायला जिना उतरू लागले. खोक्याचा तळ सहा वर्षं टिकला होता. तो नेमका जिन्यात सुटला.

कार्डं दोन मजले खाली गेली.

"काका, हलू नका, पाय पडेल," झाडूवाली मावशी म्हणाली. हललेच नाहीत ते. तिथेच पायरीवर बसले.

मावशीने कार्डं गोळा केली. टायपिस्टबाईंनी मोजली. एकशे अकरा.

"क्रमाची यादी असेल ना?" बाईंनी विचारलं.

"होती. पेन्सिलीत."

साहेब बाहेर आले. त्यांचं म्हणणं पडलं, निवडणुकीला उभे राहणे सगळ्यात वर घ्या, भारदस्त दिसतं. बाईंना अकारविल्हे लावायचं होतं. मावशी म्हणाली, "नळ वाहता असणे पहिलं घ्या. चारला पाणी जातं." तिघांनी तीन टोकांनी कार्डं लावायला घेतली आणि उरलासुरला क्रमही गेला. काकांना पहिले नऊ अर्थ आठवत होते. दहाव्यापाशी डोकं कोऱ्या पाटीसारखं.

साडेतीन वाजले. कुणाला तरी सांगायला हवं म्हणून त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, सगळं गेलं बघ."

"कुठे अडलात?" काकू म्हणाल्या. मागे विळीचा आवाज येत होता.

"दहाव्यावर."

"दहावा पाणी. नदी वाहणे. मग नळ, मग नाक."

 सहा वर्षं रोज संध्याकाळी काका कार्डं घरी आणून काकूंना अर्थ वाचून दाखवत. जिथे अडत तिथे थांबत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. काकू भाजी चिरत हं हं म्हणत. त्यांचं लक्ष नसतं, असं काका सहा वर्षं धरून चालले होते.

"तू ऐकत होतीस?"

"दुसरं काय करणार? घर दोन खोल्यांचं. लावा पुढचं. नाकानंतर रंग जाणे. तुमचा पांढरा शर्ट गुलाबी झाला, त्याच आठवड्यात लिहिलेला."

बाईंनी फोनचा आवाज मोठा केला. काकू सांगत गेल्या, काका लावत गेले. कीर्तनात टाळकरी धरतात तशी मावशीने कार्डं पुढे करायची लय धरली. साहेबसुद्धा जमिनीवर मांडी घालून बसले.

"अठ्ठ्याहत्तर. पायमोजा उसवणे."

शोधाशोध झाली. जिना पाहिला, मावशीने केराची टोपली उपडी केली.

"नका शोधू," काकू म्हणाल्या. "ते आपल्या जेवणाच्या टेबलाच्या पायाखाली आहे. डुगडुगत होतं. सुतार बोलवा म्हणून तुम्हाला चारदा सांगितलं."

"माझं कार्ड?"

"एका बाजूने कोरं होतं. घ्या लिहून. उसवणे, स्वल्पविराम, धागा सुटत जाणे, पूर्णविराम."

पाचाला दहा कमी असताना एकशे बारावं कार्ड लागलं. छापखान्याचा माणूस खोकं दोरीने बांधून घेऊन गेला. साहेब फोनपाशी वाकून म्हणाले, "वहिनी, तुम्ही आमच्याकडे कामाला का नाही आलात?"

"कुणी विचारलं नाही," काकू म्हणाल्या. "फोन ठेवा आता. माझं कुकर लावायचं राहिलंय."

त्या संध्याकाळी काका रिकाम्या हातांनी टेबलाशी बसले. काकूंनी भाजी पुढे ओढली, थोडा वेळ वाट पाहिली.

"वाचा की."

"काय वाचू? दिलं सगळं."

"मग ऐका," काकू म्हणाल्या आणि चिरता चिरता त्यांनी सुरू केलं. "पहिला. पायांनी वेगाने जाणे." काका डोळे मिटून हं हं म्हणू लागले. सतराव्या अर्थाला घोरायला लागले, तरी त्या थांबल्या नाहीत.

कोश पुढे छापून आला. प्रस्तावनेत साहेबांनी सगळ्यांचे आभार मानलेत, कागदवाल्याचे, शाईवाल्याचे, अगदी दोरी पुरवणाऱ्याचेही. काकूंचं तेवढं राहिलं. अठ्ठ्याहत्तरावं मूळ कार्ड अजून टेबलाखालीच आहे.

तर एवढंच मागणं. कधी तो कोश हाती आला आणि त्या शब्दाचं पान उघडलंत, तर पुढे वाचण्याआधी क्षणभर त्या माउलीची आठवण काढा.