जरा कमी पाऊस टाका

एका जंगलात, बाळांनो, शहर बांधायचं ठरलं. नीट बसा, कारण या गोष्टीतला मूर्ख बराच शिकलेला आहे.

त्या जंगलात एक साळिंदर होतं. त्याच्याकडे संगणक होता आणि संगणकात अख्खं जंगल भरलेलं होतं, टेकडीपासून तळ्यापर्यंत. त्यात पावसाचा आकडा घातला की पडद्यावर पाऊस पडायचा. पाणी तुंबेल ती जागा लाल व्हायची, कोरडी राहील ती हिरवी.

ते साळिंदर म्हणजे मीच. दारावर ‘हवामानतज्ज्ञ’ अशी पाटी होती. कोणी नुसतं ‘कसं काय?’ विचारलं तरी मी नकाशा उघडायचो.

मी चाळीस वर्षांतला सगळ्यात मोठा पाऊस घातला. तळ्याचा काठ लालभडक झाला. मी तो नकाशा नगररचना समितीपुढे ठेवला.

समितीचे अध्यक्ष रानडुक्कर. घरं तळ्याकाठीच होणार, असं त्यांनी आधीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. ते रागावले नाहीत. मला शेजारी बसवून त्यांनी एक रताळं दिलं.

“यात पाऊस तुम्हीच टाकता ना?”

“हो.”

“मग जरा कमी टाका.”

मला हसू यायला हवं होतं. पण रताळं गोड होतं. मी पाऊस निम्मा केला. तरी काठ लालच. मग आणखी निम्मा केला, तेव्हा तो इतका छान हिरवा झाला की मलाच आवडला.

टिटवीबाई तळ्याकाठाबद्दल विचारायला आल्या. त्या अंडी जमिनीवरच घालतात. एरवी टेकडीवर घालायच्या, पण आता तिथे शहरासाठी खडी फोडत होते.

“साळिंदरभाऊ, नकाशा राहू द्या. तुम्हाला काय वाटतं ते सांगा.”

मला काय वाटतं ते मला चांगलं माहीत होतं. मी नकाशाच दाखवला. त्या नकाशाकडे न बघताच गेल्या. मी मात्र तो हिरवा रंग रोज बघून बघून इतका भुललो, की त्याच आठवड्यात तळ्याकाठी बीळ घेतलं.

ज्येष्ठ संपता संपता पाऊस आला. त्याला आमचा आकडा कोणी कळवला नव्हता. भरदुपारी पाणी बिळात शिरलं आणि मी संगणक डोक्यावर घेऊन टेकडीकडे पळालो.

खडीच्या ढिगावर टिटवीबाई बसल्या होत्या. चारही अंडी वाहून गेली होती. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“नकाशावर माझा विश्वास नव्हता,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही स्वतः तिथे राहायला गेलात, म्हणून मी अंडी घातली.”

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ती दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी समितीने चौकशी लावली. पाऊस मंजूर आकड्यापेक्षा जास्त पडला, असा निष्कर्ष निघाला. अहवाल मीच लिहिला.

तात्पर्य : संगणकाला खोटं बोलता येत नाही. त्यासाठी तज्ज्ञ नेमावा लागतो. तुमच्या जंगलात जागा असेल तर कळवा. रताळं चालेल.