उजव्या पायाची रजा

ऑरिन स्कारने त्या दिवशी एक अगदी लहानसा निर्णय घेतला. स्टिअरिंगवरचं, वेग आपोआप कायम ठेवणारं, एक बटण त्याने अंगठ्याने दाबलं, बस्स. पिकअपने ताशी पासष्ट मैलांचा वेग धरला, मागचा भलामोठा ट्रेलर मुकाट्याने मागोमाग येऊ लागला आणि ऑरिनच्या उजव्या पायाला काही कामच उरलं नाही.

“झालं,” तो म्हणाला. “आता गाडी गाडीचं बघेल.”

“आणि तू?” शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, आर्डिसने विचारलं.

“मी देखावा बघेन.”

काचेबाहेर साउथ डाकोटा होता. म्हणजे गवत होतं, त्याच्यापलीकडे गवत होतं आणि मध्ये मध्ये मोफत बर्फाच्या पाण्याच्या जाहिराती होत्या. ऑरिन मोठ्या समाधानाने तो देखावा बघू लागला.

हा ऑरिन म्हणजे कुणी ऐरागैरा ड्रायव्हर नव्हे. मिनेसोटातल्या आमच्या गावच्या हायस्कुलात तो मुलांना गाडी चालवायला शिकवायचा. आमच्या काउंटीतल्या निम्म्या लोकांची लायसन्सं त्याच्या हाताखालून गेलेली आहेत. (माझंही. तिसऱ्या खेपेला.) शिकवण्याच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, आणि जन्मभर तो ब्रेक दाबून दाबून ऑरिनची अशी ठाम समजूत झाली होती, की जगात गाडी नीट चालवणारा माणूस एकच आहे आणि बाकीच्यांना फक्त थांबवायचं असतं. बायकोला तर त्याने लग्न झाल्यापासून, स्वतः शेजारी असताना, स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता.

म्हणूनच निवृत्तीनंतर त्याने तो ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतला आणि डोंगर बघायला जायचं ठरवलं, तेव्हा आर्डिस सगळं सामान भरून झाल्यावर अंगणात थांबली आणि म्हणाली, “माझी एक अट आहे. गाडीत पहिली किंकाळी ऐकू आली, की चालक बदलायचा. तिथल्या तिथे. मग घरी परत येईपर्यंत स्टिअरिंग दुसऱ्याकडे.”

ऑरिनने हसतहसत मान्य केलं. त्याला काय धास्ती? आर्डिस आवाज चढवणाऱ्यांतली नव्हतीच. त्यांच्या गॅरेजला आग लागली, तेव्हासुद्धा तिने शेजाऱ्यांना फोन करून आधी “जेवणात व्यत्यय तर नाही ना आणला?” असं विचारलं होतं. ही बाई किंचाळणार कधी आणि आपलं स्टिअरिंग जाणार कधी!

तर बटण दाबलं गेलं. थोड्या वेळाने ऑरिनने सीट मागे सरकवली. आणखी थोड्या वेळाने तो एका हाताने खाली काहीतरी चाचपू लागला.

“बूट का काढतोयस?” आर्डिसने विचारलं.

“पायाला रजा दिली आहे.”

“रजेवरच्या माणसाने निदान गावात तरी राहावं, ऑरिन. तुझा पाय कुठल्या कुठे गेलाय. ब्रेक लागला तर?”

“कशाला लागेल? रस्ता सरळ आहे.”

रस्ता सरळ होता हे खरं. पण पश्चिमेकडे आभाळ भरून आलं होतं आणि काचेवर थेंब पडायला लागले होते.

“पाऊस आला,” आर्डिस म्हणाली.

“शिंतोडे आहेत.”

“रस्ता ओला झालाय. बटण सोड आता.”

“गाडीला कळतं सगळं. कॉम्प्युटर आहे आत.”

“मागे ट्रेलर आहे हे सांगितलंयस का त्या कॉम्प्युटरला?”

ऑरिनने काही सांगितलं नव्हतं. कॉम्प्युटरला असलं काही सांगायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. पण मास्तर माणूस, तो नुसता कौतुकाने हसला.

“वारा आडवा आहे रे. मागचं ते हलतंय बघ.”

“हलू दे. चाकांवर आहे, हलणारच.”

“आणि पुढे नदीचा उतार आहे.”

“आर्डिस,” ऑरिन म्हणाला, आणि वर्गातला तो आवाज त्याने काढला, “मी अख्ख्या काउंटीला गाडी शिकवली आहे.”

“ट्रेलर शिकवलास?”

“गाडी ती गाडी.”

आर्डिसने ओठ घट्ट मिटले आणि हात मांडीवर ठेवले. आमच्याकडची बाई असं करते तेव्हा शहाण्याने गाडी बाजूला घेऊन माफी मागावी. ऑरिनने रेडिओ लावला.

साउथ डाकोटाची एक खोड आहे. तासन् तास परातीसारखा सपाट राहतो आणि माणूस पेंगुळला की मिसुरी नदीपाशी एकदम खाली उतरतो. पिकअपने माथा ओलांडला, नदी खाली दिसली, आणि मागच्या ट्रेलरलाही ती दिसली असावी, कारण त्याने पिकअपला मागून ढकलायला सुरुवात केली. काटा पासष्टावरून सत्तरावर गेला. सत्तरावरून पुढे निघाला. कॉम्प्युटर निवांत होता. तेवढ्यात डावीकडून एक अजस्र मालट्रक घोंघावत पुढे गेला, त्याच्या हवेने ट्रेलरला आधी लोटलं आणि मग ओढलं.

ऑरिनने आरशात पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आरशात ट्रेलरची भिंत दिसत होती. मग दुसऱ्या आरशात दिसली. मग परत पहिल्यात. त्यांचं ते देखणं घर, आतल्या फ्रीज, पलंग आणि आर्डिसच्या जेलीच्या सॅलडसकट, ओल्या रस्त्यावर शेपटी झाडत होतं आणि प्रत्येक झटक्याला पिकअपचं बूड बरोबर नेत होतं. पुढे पूल होता. पुलाखाली मिसुरी होती.

त्याने ब्रेकवर पाय मारला. ब्रेक हललाच नाही! त्याने पुन्हा मारला, सगळा जीव लावून. ब्रेक जागचा ढिम्म. रजेवर गेलेल्या पायाचा बूट उतारावर घरंगळत पुढे गेला होता आणि ब्रेकच्या खाली जाऊन पाचरीसारखा बसला होता.

आणि मग गाडीत किंकाळी उठली. लांबलचक, उंच पट्टीतली, शेवटी शेवटी कापरी होत गेलेली. ऑरिनने आयुष्यात असा भयंकर आवाज ऐकला नव्हता. त्याने दचकून आर्डिसकडे बघितलं.

आर्डिसचं तोंड बंद होतं.

ती किंकाळी त्याचीच होती. आणि ती अजून चालू होती.

आर्डिसने डावा हात पुढे केला. एका बोटाने स्टिअरिंगवरचं बटण बंद केलं. मग डॅशबोर्डखाली ट्रेलरच्या ब्रेकची जी छोटीशी कांडी असते (ऑरिन तिच्यावर गॉगल अडकवायचा), ती तिने चिमटीत धरली आणि हळूहळू दाबली. तिने ती हिसकली नाही. चहात साखर ढवळावी इतक्या सावकाश दाबली. मागे काहीतरी ताणल्यासारखं झालं. ट्रेलरने एक झोका घेतला, मग त्याहून लहान, मग अगदीच लहान, आणि तो शहाण्यासारखा सरळ झाला.

“स्टिअरिंग सरळ धर, वळवू नकोस,” ती म्हणाली. “आता पायाने तो बूट ओढून काढ. नाही, तो नाही, तो माझा पाय आहे.”

पूल त्यांनी अगदी हळू ओलांडला. पलीकडे गाड्या थांबवायच्या जागेत ऑरिनने पिकअप उभी केली. तो तसाच बसून राहिला. पायात नुसता मोजा होता. आपण दोघंही आज मेलो असतो, हे त्याला आत्ता कुठे कळत होतं. आर्डिसला काही झालं असतं तर? या विचाराने त्याला भडभडून आलं.

“तुला कसं माहीत?” त्याने विचारलं. “ती कांडी?”

“बाबांच्या शेतावर गवताच्या गाठींची गाडी कोण ओढायचं असं वाटतं तुला? मागे गाठींचा डोंगर, पुढे उतार, आणि ट्रॅक्टरला ब्रेक असले तर असले; मागच्या गाडीचा ब्रेक अशाच कांडीने लावायचा. शाळेत जायच्या आधीपासून करत होते मी.”

ऑरिनचे डोळे विस्फारले. बायको शेतावर वाढली हे त्याला अर्थातच ठाऊक होतं. पण शेतावर ती केक वगैरे भाजत असेल, अशी त्याची कल्पना होती. “कधी बोलली नाहीस!”

“तू सगळ्या काउंटीला शिकवत होतास. मी म्हटलं, मधे कशाला बोला.” मग तिने पर्समधून रुमाल काढून त्याच्या हातात दिला. “ऑरिन, मघाशी तुला काही ऐकू आलं का?”

“ती... हवेची शीळ असेल. खिडकीतून.”

“हवा ‘आई’ म्हणून हाक मारत नाही.”

किंकाळी कुणाची असावी, हे काही अटीत ठरलं नव्हतं. ऑरिन निमूटपणे उतरला, गाडीला वळसा घातला आणि जन्मात पहिल्यांदा, गाडी चालवणाऱ्या बायकोच्या शेजारच्या सीटवर बसला.

पुढचा प्रवास त्याच्यासाठी एकामागून एक धक्क्यांचा होता. आर्डिस उतार यायच्या आधीच वेग कमी करत होती. मालट्रक आला की कडेला सरून त्याला जाऊ देत होती. ऑरिन सवयीने उजव्या पायाने खालची चटई दाबत होता, आणि गाडी त्याच्या दाबण्याची जराही दखल न घेता उत्तम चालली होती. दुपारी ऊन पडलं, रस्ता वाळला, वारा निवला. आर्डिसने शांतपणे तेच बटण दाबलं.

ऑरिन उडालाच. “अगं! हे काय?”

“रस्ता कोरडा आहे, सपाट आहे, पुढे मोकळं आहे. पाय ब्रेकपाशी आहे. बुटासकट.” तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “बटण वाईट नाही रे. चढ-उतार, पाऊस, वारा आला की त्याच्या हातात संसार द्यायचा नाही, एवढंच.”

संध्याकाळी ते ट्रेलरवाल्यांच्या कॅम्पवर पोचले आणि ऑरिनचं धाबं पुन्हा दणाणलं. कॅम्पवर जुने लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले असतात. नवीन येणाऱ्याने ट्रेलर मागे घेऊन जागेवर लावायचा आणि बाकीच्यांनी ते बघायचं, ही तिथली करमणूक. रीतीप्रमाणे नवरा गाडी मागे घेतो आणि बायको मागे उभी राहून हातवारे करते, आणि कित्येक संसारांना तिथेच तडा जातो. इथे मागे ऑरिन उभा होता. त्याने दोन्ही हात उंच करून डावीकडे खूण केली. मग घाबरून उजवीकडे केली. आर्डिसने आरशात पाहिलं, त्याला हाताने जरा बाजूला हो म्हणून सांगितलं आणि एका झटक्यात ट्रेलर दोन झाडांमध्ये नेऊन ठेवला.

खुर्च्यांमधून टाळ्या पडल्या. मर्ल नावाचा एक दणकट म्हातारा, टोपी काढून, हात पुढे करत आला. ऑरिननेही हात पुढे केला. मर्ल त्याला ओलांडून आर्डिसकडे गेला.

“काय सुरेख लावलात हो! उद्या सकाळी आम्ही ड्रायव्हर मंडळी माझ्याकडे कॉफीला बसतो. घाटातल्या वाऱ्याबद्दल बोलायचं आहे. याच.”

“मीही येतो,” ऑरिन म्हणाला.

“तुमचीही सोय आहे,” मर्ल आपुलकीने म्हणाला. “शेजारी बसणारे आमच्या लवॉनकडे जमतात. विणकाम असतं.”

आर्डिसला मदतीसाठी हाक मारावी असं ऑरिनला वाटलं. पण ती खुर्च्यांमधल्या बायकांशी केव्हाच गप्पा मारत बसली होती आणि खूप हसत होती.

सकाळी तो गेला. (दुसरीकडे जायला जागाच नव्हती.) मर्लची बायको लवॉन, आणखी चार-पाच बायका आणि एकटा ऑरिन. कुणी त्याच्या दोन्ही हातांवर लोकरीची लड चढवली, त्यामुळे त्याला हलताही येईना. बायकांना मात्र त्याची फार दया आली होती.

“नवीन आहात ना? पहिले काही दिवस जड जातात,” लवॉन म्हणाली. “एक लक्षात ठेवा. चालवणारा कितीही वेडेपणा करू दे, आपण ओरडायचं नाही. ओरडलं की तो बिथरतो.”

“मग काय करायचं?” ऑरिनने मनापासून विचारलं.

“त्याला खायला द्यायचं! भीती वाटली की एक वडी त्याच्या तोंडात घालायची. तोंड चालू असलं की माणूस आपोआप हळू चालवतो. आम्हाला कालच कळलं हे. किती सोपं आहे!”

“कुणी सांगितलं?”

“तुमच्या आर्डिसनेच. म्हणाली, लग्न झाल्यापासून हेच करत आलेय, एकदाही ओरडावं लागलं नाही.”

ऑरिनने खाली बघितलं. हातांवर लोकर होती, आणि लोकरीखाली, लग्नानंतर दरवर्षी वाढत गेलेलं, त्याचं ते भलंमोठं पोट होतं.